गडाच्या छायाचित्रावर चढणारे कार्ड: एका मोबाइल स्क्रीनचा प्रकरण अभ्यास

सह्याद्रीतील आणि कोकण किनाऱ्यावरील किल्ल्यांची माहिती देणाऱ्या एका ॲन्ड्रॉइड ॲपमधील ‘गडाचे पान’ हा या अभ्यासाचा विषय आहे. या स्क्रीनची रचना आज अनेक ॲपमध्ये दिसते तशीच होती: वर स्क्रीनच्या पूर्ण रुंदीचे छायाचित्र, त्याच्या खालच्या भागावर चढलेले पांढरे कार्ड, कार्डावर गडाचे नाव, तालुका आणि चढाईची श्रेणी, आणि त्याखाली इतिहास, वाटा, पाण्याची टाकी, मुक्कामाची सोय असा लांबत जाणारा मजकूर. मजकूर बोटाने वर सरकवला की छायाचित्र आक्रसत जाई आणि शेवटी त्याच्या जागी गडाचे नाव असलेला अरुंद टूलबार उरे. डिझायनरने दिलेले चित्र देखणे होते आणि डेव्हलपरने ते हुबेहूब उतरवले होते. तरीही वापर सुरू झाल्यावर तीन तक्रारी पुन्हा पुन्हा येऊ लागल्या. कार्ड बोटाबरोबर सरकत नाही, कोणीतरी मागे धरून ठेवल्यासारखे वाटते, ही पहिली. जलदुर्गांच्या पानावर किल्लाच दिसत नाही, नुसते आकाश दिसते, ही दुसरी. पावसाळ्यातल्या छायाचित्रांवर मागे जाण्याचा बाण सापडत नाही, ही तिसरी.

गटाने या तक्रारी तीन स्वतंत्र कामे म्हणून नोंदवल्या आणि तिघांकडे सोपवल्या: गतीची तक्रार डेव्हलपरकडे, छायाचित्रांची संपादकाकडे आणि बाणाची डिझायनरकडे. स्क्रीनची तपासणी केल्यावर माझे मत असे झाले की तिन्हींचे मूळ एकच आहे. छायाचित्र, कार्ड आणि टूलबार या तीन थरांपैकी कोणता कोणाच्या वर राहील हे फक्त स्क्रीन उघडतानाच्या स्थितीपुरते ठरवले गेले होते. स्क्रोलच्या उरलेल्या वाटेवर काय व्हावे हे कोणी लिहिलेच नव्हते. असा निर्णय मोकळा सोडला की तो लायब्ररी, म्हणजे वापरायला घेतलेला तयार कोड, घेते, आणि तिचा निर्णय सर्वसाधारण स्क्रीनसाठी योग्य असला तरी आपल्या स्क्रीनसाठी योग्य असेलच असे नाही.

स्थिर चित्राची मापे

मापे सांगितल्याशिवाय पुढचे काही नीट कळणार नाही. डीपी हे स्क्रीनच्या पिक्सेल-घनतेवर अवलंबून नसलेले ॲन्ड्रॉइडचे माप आहे. ३६० डीपी रुंदीचा फोन गृहीत धरला होता. छायाचित्राचे प्रमाण ३:२, म्हणजे उंची २४० डीपी. वरची २४ डीपी स्टेटस बारची, त्याखालची ५६ डीपी टूलबारची. म्हणजे पूर्ण आक्रसलेल्या अवस्थेत हेडरची, म्हणजे छायाचित्र व टूलबार मिळून होणाऱ्या वरच्या भागाची, उंची ८० डीपी. कार्ड छायाचित्रावर ६४ डीपी चढलेले होते, त्यामुळे स्क्रीन उघडताना त्याची वरची कड १७६ डीपीवर येई.

या आकड्यांतून एक गोष्ट लगेच दिसते, पण ती डिझाइन फाइलमध्ये कोणाच्या लक्षात आली नव्हती. छायाचित्राच्या २४० डीपींपैकी वरचे ८० स्टेटस बार आणि टूलबारच्या आयकॉनखाली जातात, खालचे ६४ कार्डाखाली जातात, आणि नजरेला मोकळी पट्टी मिळते ती ९६ डीपीची. जे छायाचित्र दाखवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याचा जेमतेम चाळीस टक्के भाग निर्वेधपणे दिसतो. डिझाइन फाइलमधल्या नमुन्यात गड नेमका मधोमध होता, म्हणून हे झाकून गेले.

कार्ड मागे का राहते

पहिली तक्रार सर्वांत उद्बोधक आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. गुगलने २०१४ साली मटेरियल डिझाइन मांडले तेव्हा स्क्रीनवरचे पृष्ठभाग म्हणजे जाडी असलेले, सावली टाकणारे कागद आहेत, ते एकमेकांवर येऊ शकतात पण एकमेकांच्या आरपार जाऊ शकत नाहीत, ही कल्पना त्याच्या मुळाशी होती. त्या काळात आक्रसणारे हेडर बनवायचे म्हणजे डेव्हलपरला स्क्रोलची प्रत्येक हालचाल ऐकून थर हाताने सरकवावे लागत. मे २०१५ मध्ये डिझाइन सपोर्ट लायब्ररी आली आणि कोऑर्डिनेटरलेआउट, ॲपबारलेआउट आणि कोलॅप्सिंगटूलबारलेआउट हे तीन घटक हाताशी आले. त्याच संचात स्क्रोल होणाऱ्या मजकुराला हेडरवर चढवण्यासाठी ‘ओव्हरलॅपटॉप’ नावाचा गुणधर्म होता. गडाच्या पानावर हाच गुणधर्म ६४ डीपी देऊन वापरला होता. एका ओळीत काम झाले, आणि स्थिर अवस्थेत ते अचूक दिसले.

आता या रचनेत थर कसे आहेत ते पाहू. छायाचित्र आणि टूलबार हे दोघेही ॲपबारलेआउट या एकाच पेटीत राहतात. कार्ड त्या पेटीच्या बाहेर, स्क्रोल होणाऱ्या भागात असते. डिझायनरला हवे होते की कार्ड छायाचित्राच्या वर असावे, पण स्क्रोल करत गेल्यावर ते टूलबारच्या खाली शिरावे. छायाचित्र आणि टूलबार एकाच पेटीत असतील तर हे शक्य नाही. कार्ड एक तर त्या संपूर्ण पेटीच्या वर असेल किंवा संपूर्ण पेटीच्या खाली. लायब्ररी या पेचातून अशी वाट काढते की हेडर जसजसे आक्रसते तसतसा ओव्हरलॅपही त्याच प्रमाणात कमी करत नेते, आणि हेडर पूर्ण आक्रसण्याच्या क्षणी तो शून्य होतो. त्यामुळे कार्ड टूलबारवर कधीच चढत नाही. युक्ती चोख आहे, परंतु तिची किंमत गतीत मोजावी लागते.

हेडर आक्रसण्याची एकूण वाट २४० वजा ८०, म्हणजे १६० डीपी. बोट १६० डीपी वर जाते तेव्हा कार्डाची कड १७६ वरून ८० वर येते, म्हणजे कार्ड सरकते फक्त ९६ डीपी. बोटाच्या गतीच्या साठ टक्के. हेडर आक्रसून झाले की पुढच्या क्षणी तोच मजकूर बोटाच्या पूर्ण गतीने सरकू लागतो. वापरकर्त्याने गडाच्या नावावर बोट ठेवून वर ढकलले, तर बोट नावाच्या पुढे निघून जाते, आणि मग मध्येच सगळे हलके होऊन धावू लागते. ‘मागे धरून ठेवल्यासारखे वाटते’ हे वर्णन शब्दशः बरोबर होते. फोन मंद नव्हता आणि फ्रेमही (स्क्रीनवर एकामागून एक उमटणारी चित्रे) गळत नव्हत्या. गणितच तसे होते.

हे गणित सर्वसाधारण रूपात मांडले तर ते कोणत्याही स्क्रीनला लावता येते: ओव्हरलॅपला आक्रसण्याच्या वाटेने भागावे, आणि जे उत्तर येईल तेवढ्या प्रमाणात कार्ड बोटाच्या मागे राहील. ओव्हरलॅप २४ डीपी आणि वाट १६० असेल तर कार्ड पंधरा टक्के मागे राहते, आणि ते सहसा कोणाला जाणवत नाही. हेडर उंच आणि ओव्हरलॅप लहान असलेल्या स्क्रीनवर हा गुणधर्म निःशंकपणे वापरावा. अडचण येते ती बुटके हेडर आणि मोठा ओव्हरलॅप एकत्र आल्यावर, आणि फोनच्या स्क्रीनवर मजकूर लवकर दिसावा म्हणून हेडर बुटकेच ठेवले जाते. मला वाटते की हा भागाकार डिझायनरने रेखाटन करतानाच करावा. डेव्हलपरच्या हाती गेल्यावर तो केला तर उशीर झालेला असतो.

थरांची नवी मांडणी

गटापुढे दोन मार्ग होते. ओव्हरलॅप २४ डीपीपर्यंत कमी करून रचना आहे तशीच ठेवणे हा पहिला. तो स्वस्त होता, आणि दुसरे काही जमले नसते तर मी तोच सुचवला असता. दुसरा मार्ग म्हणजे पेटीच मोडणे: टूलबारला छायाचित्रापासून वेगळा करून सर्वांत वरच्या स्वतंत्र थरात ठेवणे, आणि छायाचित्र व कार्ड दोन्ही एकाच स्क्रोल होणाऱ्या मजकुरात एकाखाली एक ठेवून कार्डाला वरच्या बाजूने ऋण मार्जिन देणे, म्हणजे ते वर ओढून छायाचित्रावर आणणे. असे केले की छायाचित्र सर्वांत खाली, त्यावर कार्ड, त्यावर टूलबार हा क्रम स्क्रोलच्या पूर्ण वाटेवर एकसारखा राहतो, कोणालाही मध्येच जागा बदलावी लागत नाही, आणि कार्ड बोटाशी एकास एक गतीने चालते. गटाने हा दुसरा मार्ग निवडला.

छायाचित्र कार्डापेक्षा मंद सरकावे, म्हणजे दूरचे दृश्य असल्याचा भास व्हावा, ही डिझायनरची मूळ इच्छा नव्या रचनेतही पुरी करता आली. स्क्रोल जितके झाले त्याच्या निम्म्याने छायाचित्र उलट दिशेने सरकवले, म्हणजे स्क्रीनच्या मानाने ते बोटाच्या निम्म्या गतीने वर जाते. हे सरकवणे चित्राच्या स्थानांतरणाने करावे, त्याची उंची बदलून करू नये. उंची बदलली की प्रत्येक फ्रेमला संपूर्ण लेआउट पुन्हा मोजला जातो, आणि ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमसाठी मिळणाऱ्या सुमारे १६.७ मिलिसेकंदांत स्वस्त फोनला ते झेपत नाही. स्थानांतरणात मोजणी होत नाही, केवळ आधीच रंगवलेला थर हलतो.

येथे एक नवा प्रश्न उद्भवला आणि तो सहज निसटून गेला असता. जुन्या रचनेत छायाचित्र ॲपबारलेआउटच्या कडेशी कापले जाई. नव्या रचनेत त्याला कापणारे कोणी नव्हते. कार्डाला दोन्ही बाजूंनी १६ डीपीचे मार्जिन होते. कार्ड पूर्ण गतीने आणि छायाचित्र निम्म्या गतीने वर जाऊ लागल्यावर छायाचित्राची खालची कड कार्डाच्या वरच्या कडेपासून खाली खाली राहू लागली, आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद मोकळ्या जागेतून छायाचित्राच्या उभ्या पट्ट्या डोकावू लागल्या. स्थिर चित्रात त्या मामुली होत्या, स्क्रोल करताना मात्र वाढत जात. यावर उपाय म्हणून कार्ड स्क्रीनच्या पूर्ण रुंदीचे केले आणि फक्त वरचे दोन कोपरे १६ डीपी त्रिज्येने गोल ठेवले. ओव्हरलॅप या त्रिज्येपेक्षा कमी असून चालत नाही, नाहीतर गोल कोपऱ्यामागे छायाचित्राची संपलेली कड आणि पार्श्वभूमीचा रंग दिसतो. तो ३२ डीपी ठरवला. आता कार्डाची कड २०८ डीपीवर येते आणि मोकळी पट्टी ९६ वरून १२८ डीपी झाली.

स्पर्शाचा विचारही या निवडीमागे होता. छायाचित्रावर टॅप केले की गडाचे छायाचित्रदालन उघडते. छायाचित्र स्क्रोलच्या मागे वेगळ्या थरात ठेवून मजकुराला वर पारदर्शक रिकामी जागा देण्याची पद्धत बरीच रूढ आहे. त्या पद्धतीत रिकामी दिसणारी जागा प्रत्यक्षात स्क्रोलची असते आणि तीच टॅप गिळून टाकते. दोन्ही घटक एकाच मजकुरात ठेवल्याने ही अडचण आली नाही. ‘नकाशा उतरवा’ हे गोल बटण छायाचित्र आणि कार्ड यांच्या सीमेवर अर्धे इकडे अर्धे तिकडे ठेवलेले होते, आणि ते कार्डाच्या आत असल्यामुळे त्याचा वरचा अर्धा भाग कार्डाच्या मर्यादेबाहेर रंगवला जाई. ॲन्ड्रॉइडमध्ये बाहेर रंगवण्याची मुभा देता येते, पण पालक घटकाच्या मर्यादेबाहेरचा स्पर्श त्या बटणापर्यंत पोहोचत नाही. आयओएस आणि फ्लटर (एकाच कोडमधून ॲन्ड्रॉइड व आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवण्याची गुगलची चौकट) यांमध्येही हाच नियम आहे. बटण पूर्ण दिसायचे आणि अर्धेच चालायचे. ते कार्डातून काढून कार्डाच्या बरोबरीचा घटक केले, तेव्हा त्याचा संपूर्ण भाग दाबता येऊ लागला.

टूलबारवरचे नाव कधी दिसावे, हा प्रश्न मात्र शब्दांत लिहून ठेवावा लागला. स्क्रोल १२८ डीपी झाल्यावर कार्डाची कड टूलबारच्या खालच्या कडेला लागते आणि तोवर टूलबारची पार्श्वभूमी पूर्ण पांढरी झालेली असते. गडाचे नाव कार्डावर आणखी खाली आहे, त्यामुळे ते नाव टूलबारखाली पूर्ण शिरल्यावरच टूलबारमध्ये उमटावे, असे ठरले. आधीच उमटले तर एकाच वेळी एकाखाली एक अशी दोन नावे दिसतात. ही वेळ ठरवताना डीपीचा पक्का आकडा वापरलेला नाही; नावाची खालची कड प्रत्यक्ष मोजली जाते. ॲन्ड्रॉइड १४ पासून अक्षरे दोनशे टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, आणि ‘हरिश्चंद्रगड’ त्या आकारात दुसऱ्या ओळीत गेले की पक्का आकडा खोटा ठरतो.

देवनागरीपुरती आणखी एक नोंद आवश्यक आहे. जुन्या टूलबारच्या शीर्षकशैलीत अक्षरांमधले अंतर थोडे वाढवलेले होते आणि ओळीची उंची रोमन लिपीला पुरेल इतकीच बांधलेली होती. अंतर वाढवल्याने शिरोरेखा तुटते. बांधलेल्या उंचीमुळे ‘सिंधुदुर्ग’ आणि ‘सुवर्णदुर्ग’ या नावांतील वरचा रफार किंवा खालचा उकार कापला जाण्याचा धोका असतो. दोन्ही बंधने काढली. मराठी नावे दाखवणाऱ्या ॲपमध्ये हे शेवटी करायचे काम म्हणून पाहिले जाते, याचे मला वाईट वाटते. नाव नीट वाचता येणे हेच त्या टूलबारचे काम आहे.

डोंगरी किल्ला वर, जलदुर्ग खाली

दुसऱ्या तक्रारीकडे वळू. संपादकाने आधी असे गृहीत धरले होते की छायाचित्रेच चुकीची निवडली गेली आहेत. संग्रहातली छायाचित्रे एका ओळीत मांडून त्यावर वरची ८० आणि खालची ६४ डीपी झाकणारा साचा ठेवला, तेव्हा वेगळेच दिसले. डोंगरी किल्ल्यांच्या छायाचित्रांत छायाचित्रकार पायथ्याशी किंवा समोरच्या डोंगरावर उभा असतो. राजगडाचा बालेकिल्ला असो वा लोहगडाची तटबंदी, गडाची माथ्याची रेषा चौकटीच्या वरच्या भागात जाते आणि आयकॉनखाली येते. जलदुर्गांचे नेमके उलट. सिंधुदुर्ग किंवा जंजिरा किनाऱ्यावरून वा नावेतून टिपताना तटाची लांबलचक आडवी रेषा क्षितिजाला लागून येते, वर मोठे आकाश राहते, आणि ती रेषा चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागात बसते. २४० डीपींच्या चौकटीत हा खालचा तिसरा भाग १६० डीपीपासून सुरू होतो, आणि जुने कार्ड १७६ वर सुरू होत होते. म्हणजे तट पाण्यात नव्हे, कार्डात बुडत होता. छायाचित्रे उत्तम होती. चौकट त्यांच्यासाठी बनलेली नव्हती.

ओव्हरलॅप ३२ केल्याने बराचसा प्रश्न सुटला. उरलेल्यासाठी प्रत्येक छायाचित्रासोबत एक लक्षबिंदू साठवण्याचे ठरले: छायाचित्रातला महत्त्वाचा भाग उंचीच्या कितव्या अंशावर आहे, हे संपादकाने छायाचित्रावर एकदा बोट ठेवून सांगायचे. ॲप छायाचित्र असे बसवते की तो बिंदू शक्य तितका मोकळ्या पट्टीच्या मध्यावर, म्हणजे १४४ डीपीवर यावा. चौकटीचा मध्य १२० वर आहे, आणि नेहमीचे मध्यावरून कापणे त्यालाच केंद्र मानते. ओव्हरलॅप असलेल्या हेडरमध्ये ते केंद्र चुकीचे असते. यातली मर्यादाही सांगायला हवी. फोनने काढलेले ४:३ प्रमाणाचे छायाचित्र ३६० डीपी रुंदीवर २७० डीपी उंच होते, त्यामुळे वर-खाली सरकवायला ३० डीपीची मोकळीक मिळते; ३:२ छायाचित्राला ती अजिबात नसते आणि ते थोडे मोठे करूनच सरकवावे लागते. लक्षबिंदू हा जादूचा उपाय नाही, पण संपादकाला निवड करताना काय पाहायचे हे त्यामुळे कळले, आणि माझ्या मते तोच त्याचा मोठा उपयोग आहे.

याच टप्प्यावर छायाचित्रांचा आकारही आटोक्यात आणला. बारा मेगापिक्सेलचे, ४००० बाय ३००० चे छायाचित्र मूळ आकारात उलगडले तर ते मेमरीत ४८ मेगाबाइट जागा घेते. १०८० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनला १०८० बाय ८१० पुरते, आणि त्याला साडेतीन मेगाबाइट लागतात.

धुके आणि बाण

तिसरी तक्रार पावसाळ्यातील छायाचित्रांची. जून ते सप्टेंबर या काळातली सह्याद्रीची छायाचित्रे वरच्या भागात धुक्याने पांढरी असतात, आणि मागे जाण्याचा बाण व शेअरचा आयकॉन दोन्ही पांढरे होते. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ आवृत्तीनुसार अशा चिन्हांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ३:१ हवा. फिक्या करड्या धुक्यावर पांढऱ्या आयकॉनचा कॉन्ट्रास्ट १.४ च्या आसपास राहतो. डिझायनरने छायाचित्राच्या वरच्या भागावर चाळीस टक्के काळी छटा टाकून पाहिली. शुभ्र पांढऱ्या छायाचित्रावर ती टाकली तर पांढऱ्या आयकॉनचा कॉन्ट्रास्ट २.८५ इतकाच भरतो, म्हणजे थोडक्यात कमी पडतो. पन्नास टक्के छटेने तो चारच्या जवळ जातो, पण मग ती छटा आयकॉनच्या खालपर्यंत तशीच न्यावी लागते आणि पुढे विरळ होईपर्यंत मोकळ्या पट्टीतही उतरते. मोठ्या कष्टाने मिळवलेले ३२ डीपी असे काळवंडून टाकणे मला पटले नाही. शेवटी पन्नास टक्के काळ्या गोलावर प्रत्येक आयकॉन ठेवला, दाबण्याची जागा ४८ डीपी राखली, आणि छटा फक्त स्टेटस बारपुरती मर्यादित केली. टूलबार पांढरा होऊ लागला की गोल विरतात आणि आयकॉन गडद होतात. त्याच क्षणी स्टेटस बारची चिन्हेही गडद करावी लागतात, आणि ही सोय ॲन्ड्रॉइड ६ पासून उपलब्ध आहे. ॲन्ड्रॉइड १५ ला लक्ष्य करणाऱ्या ॲपमध्ये मजकूर स्टेटस बारखाली जाणे आता सक्तीचेच झाले आहे, त्यामुळे हा विचार टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

ज्या गडांचे छायाचित्रच नाही त्यांच्यासाठी पूर्वी हिरवट रंगाचा रिकामा आयत दाखवला जाई आणि कार्ड त्यावरही ६४ डीपी चढलेले असे. कशावर चढायचे हेच नसेल तर चढण्याला अर्थ नाही. अशा पानावर आता ओव्हरलॅप नाही, हेडर सरळ ८० डीपीचे आहे. परंतु छायाचित्र आहे आणि अद्याप उतरलेले नाही, ही अवस्था निराळी आहे. गडाच्या पायथ्याशी नेटवर्क नसणे हे या ॲपच्या वापरकर्त्याचे रोजचे वास्तव आहे. छायाचित्र मागाहून आले आणि त्या वेळी कार्ड एकदम खाली ढकलले गेले, तर वाट वाचत असलेल्या माणसाच्या नजरेसमोरून ओळ निसटते. म्हणून हेडरची उंची नोंदीत छायाचित्र आहे की नाही यावरून ठरते, ते उतरले की नाही यावरून नाही.

इतर चौकटी, इतर स्क्रीन

गटाला पुढे हेच पान आयफोनसाठी करायचे होते आणि त्यासाठी फ्लटरचा विचार चालू होता. तेथे स्लिव्हरॲपबार हा आक्रसणारा हेडर वापरला तर हाच पेच वेगळ्या रूपात समोर येतो: स्क्रोलमधील पहिला स्लिव्हर (स्क्रोलचा एक तुकडा) मुळात सर्वांत शेवटी, म्हणजे सर्वांच्या वर रंगवला जातो, कारण पिन केलेला टूलबार मजकुराच्या वर राहावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे पुढच्या स्लिव्हरमधले कार्ड छायाचित्रावर चढवायला गेले की ते त्याच्या मागे दडते. उत्तरही तेच आहे: छायाचित्र आणि कार्ड एका घटकात, टूलबार वेगळ्या थरात. जेटपॅक कंपोज या ॲन्ड्रॉइडच्या नव्या स्क्रीन-रचना पद्धतीत कार्डाला ऑफसेट देऊन वर उचलले तर त्याची मूळ जागा तशीच राखली जाते आणि पानाच्या तळाशी तेवढीच पोकळी उरते. तिथे मोजणीच बदलणारा स्वतंत्र लेआउट लिहावा लागतो. आयफोनवर पान खाली ओढले की ते ताणून परत येते, आणि छायाचित्राच्या वर रिकामी फट दिसते. तेवढ्या अंतराने छायाचित्र मोठे करत नेणे हा तिथला रुळलेला उपाय आहे.

वेगवेगळ्या गतीने सरकणारे थर काहींना गरगरल्यासारखे वाटायला लावतात. ॲन्ड्रॉइडमध्ये ॲनिमेशन बंद करण्याची सेटिंग आहे, पण छायाचित्राचे मंद सरकणे बोटाच्या हालचालीला बांधलेले असते, ते वेळेवर चालणारे ॲनिमेशन नसते, म्हणून ती सेटिंग त्याला आपोआप थांबवत नाही. ॲपने ती स्वतः तपासावी लागते. गडाच्या पानावर ती चालू असेल तर छायाचित्र मजकुराबरोबर एकाच गतीने सरकते. ओव्हरलॅप तसाच राहतो, कारण त्रास थरांचा नसतो, त्यांच्या गतीतल्या फरकाचा असतो.

आडव्या धरलेल्या फोनवर काय करावे, यावर गटात मतभेद होते. ३६० डीपी उंचीच्या आडव्या स्क्रीनवर २४० डीपीचे हेडर दोन तृतीयांश जागा खाते. उंची स्क्रीनच्या चाळीस टक्क्यांवर मर्यादित केली तर हेडर १४४ डीपीचे होते, आणि त्यातून टूलबारचे ८० व कार्डाचे ३२ वजा केल्यावर छायाचित्राला ३२ डीपीची चिरोटी मिळते. काहींचे म्हणणे होते की दोन्ही स्थितींत दिसणे सारखेच हवे. माझा आग्रह असा राहिला की मोकळी पट्टी ९६ डीपीपेक्षा कमी होत असेल तर ओव्हरलॅप सोडून द्यावा. शेवटी तोच नियम लिहिला गेला: पट्टी तेवढी उरत नसेल तर छायाचित्र डाव्या स्तंभात स्वतंत्र बसते, मजकूर उजव्या स्तंभात स्क्रोल होतो, आणि दोघे एकमेकांना शिवत नाहीत. दोन ॲप शेजारी उघडल्यावर खिडकी बुटकी आणि अरुंदही होते. तेव्हा दोन स्तंभ मावत नसतील तर छायाचित्र पानाच्या मजकुरातच, नावाच्या खाली, साध्या आयताच्या रूपात येते.